खंडेनवमीचा ओव्हरटाइम

हरेश्वरच्या पायाला भिंगरी आहे, असं त्याची आई पुतळाबाई म्हणायची. आईचं काय, ती कौतुकानंच म्हणणार. खरं सांगायचं तर या गड्याला कुठेच करमत नसे. गोराईला बापाच्या होडीवर असला की विक्रोळीच्या कारखान्यातलं लेथ मशीन डोळ्यांपुढे यायचं, आणि लेथपुढे उभा राहिला की आता भरती कुठवर चढली असेल याचाच विचार. दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याचं जे होतं तेच त्याचं चाललं होतं. आणि आता तर स्वारी तिसऱ्याच जागी येऊन बसली होती, बोरिवलीच्या मागच्या डोंगरात, एका पारशी शेठनं कधीकाळी शिकारीसाठी बांधलेल्या बंगल्यात.

शेठ गेला, शिकार गेली, बंगला एका ट्रस्टकडे आला. कौलारू छप्पर, पुढे लांबलचक व्हरांडा, तीन खोल्या, लोखंडी खाटा आणि मागे विहीर. वीज नाही. सांभाळायला द्रौपदाबाई नावाची एक जाडजूड विधवा होती, तीच स्वयंपाक करायची. पावसाळा सरला की कारखान्याचा हायकिंग क्लब तिथे मुक्काम ठोकायचा आणि दिवसभर आजूबाजूचे डोंगर तुडवून जेवायला परत यायचा. क्लबचा पुढारी होता कॉस्टिंग खात्यातला मधुकर गुप्ते, राहणार मुलुंड. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, आणि शांतता या विषयावर केव्हाही भाषण द्यायची तयारी.

"ऐका," तो शुक्रवारी संध्याकाळी पोचल्या पोचल्या म्हणाला, "ऐका, काही ऐकू येतंय? नाही ना? हेच ते! यासाठी यायचं इथे."

सगळ्यांनी कान देऊन ऐकलं आणि समाधानानं माना डोलावल्या. हरेश्वरनंही डोलावली. त्याला मात्र ती शांतता नकोशी झाली. त्याला कारणही तसंच होतं. तो बापाला थाप मारून आला होता.

झालं होतं असं. त्याचा बाप चंदर, सगळा जन्म दर्यावर काढलेला तांडेल. होडीचा मालक तोच, हुकूमही त्याचाच. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. लांबचं शीड दिसेना, किनाऱ्यावरची खूण दिसेना. मागच्या रविवारी हरेश्वर घरी गेला तेव्हा जेवण झाल्यावर चंदरनं सरळ विषय काढला. म्हाताऱ्याला आडवळणानं बोलायची सवयच नव्हती.

"दसऱ्याला होरीची पूजा हाय. होरीच्या पुरं तू उभा ऱ्हा. गावाला दाखवायचा, आता हा तांडेल. तुना नसंल करायचा तर तसा सांग. मंग मी लहूला उभा करतंय. होरी कोनाच्या तरी हातान जायाला पायजे."

लहू हा त्यांचा जुना खलाशी. इमानी माणूस, पण बोलूनचालून परका. चंदरच्या मनात कोण होतं हे सांगायला नको होतं.

हो म्हणावं तर कारखान्यातली नुकतीच कायम झालेली नोकरी सोडायची. नाही म्हणावं तर बापाच्या तोंडाकडे बघून म्हणायचं. हरेश्वरला दोन्ही जमेना. आणि ज्याला हो-नाही जमत नाही त्याला थाप मात्र झकास जमते.

"दसऱ्याला मना जमनार नाय, बाबा. ओव्हरटाइम हाय. नवमीला बी आनी दसऱ्याला बी."

"नवमीला?" चंदरनं मान वर केली. "खंडेनवमीला हत्याराला हात लावतंय कोन?"

"सायबाला कंची नवमी! माल द्यायचा हाय त्याला."

"मशीनची पूजा तरी करतान क नाय?"

"नाय," हरेश्वर म्हणाला. एकदा खोटं बोलायला बसल्यावर माणूस हात कशाला आखडता घेईल?

वास्तविक कारखान्यात शुक्रवारी दुपारीच यंत्रांना झेंडूच्या माळा पडल्या होत्या, पेढे वाटले गेले होते, साहेबानं स्वतः हरेश्वरच्या लेथला कुंकू लावलं होतं. शनिवारी नवमी, रविवारी दसरा, दोन दिवस फाटकाला कुलूप. पण चंदर बिचाऱ्याला ते खरंच वाटलं होतं. मग भिंतीकडे बघत एवढंच म्हणाला, "बिनपूजेच्या मशीनवर काम करतस. हात जपून चालव रं." तो आवाज हरेश्वरच्या कानातून आठवडाभर जात नव्हता.

शनिवारी उजाडताच तो चुलीपाशी येऊन बसला. द्रौपदाबाईनं चहाचा पेला त्याच्यापुढे आपटला.

"काय रे बाबा, रातभर व्हरांड्यात फेऱ्या घालत होतास ना? मला वाटलं बिबट्या आला. काठी घेऊन उठले होते मी!"

"झोपच लागली नाही, बाई. इथे आवाजच नाही हो कसला."

"अगं बाई! आवाज नको म्हणून लोक इथे तंगड्या तोडत येतात, आणि तुला आवाज पाहिजे?"

पाहिजेच होता. घरी दर्या गप्प बसत नाही आणि विक्रोळीच्या खोलीशेजारी रात्रपाळी खडखडत असते. या दोन्हींत माणसाला स्वतःचं काही ऐकू येत नाही, हे केवढं सुख! इथे रातकिडे थांबले की बाप बोलायला लागायचा. त्यात आणखी दिवसही बंगल्यात बसून काढायचा म्हटलं तर डोकं फुटेल, असं त्याला झालं.

आणि नेमकं तसंच होऊ घातलं होतं. क्लबला वरच्या माथ्यावर न्यायचं कबूल केलेला वाटाड्या, द्रौपदाबाईचा भाऊ माणिक, दसऱ्याला म्हणून आपल्या गावी निघून गेला होता. मधुकरनं नकाशा उलगडला, उलटा धरला, सुलटा धरला, परत घडी घातली.

"वाटाड्याशिवाय वर जाणं बरोबर नाही," तो म्हणाला. "आज इथेच विश्रांती. पुस्तकं वाचा, पत्ते खेळा."

"मी नेतो," हरेश्वर म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो लेथवरचा टर्नर. क्लबात येऊन जेमतेम वर्ष झालेलं, बोलणं कमी, नेहमी रांगेत शेवटी चालणारा.

"तुला वाट माहीत आहे?" मधुकरनं विचारलं.

"हा डोंगर मला लहानपणापासून ठाऊक आहे. दोन उंच माथे आहेत ना, आमच्याकडे त्यांना दोघी बहिणी म्हणतात. दोघींच्या मधे खाच आहे. त्या खाचेतून सरळ वर जायचं. डोळे मिटून नेतो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण त्यानं थाप मारली असं मात्र म्हणू नका हं! हे तो अगदी मनापासून बोलला. दोघी बहिणी त्याला खरंच पाठ होत्या. सात वर्षांचा असताना बापानं त्याला होडीत उभा करून, हनुवटी धरून, त्या दाखवल्या होत्या. खोल पाण्यात गेलं की किनारा पुसट होतो, उरतात फक्त या दोघी. त्यांच्या मधल्या खाचेत गावच्या देवळाचा कळस आला की तिथे जाळं टाकायचं. परत येताना खाच नाकासमोर धरायची की खाडीचं तोंड चुकत नाही. चंदरनं या दोघींच्या भरवशावर जन्म काढला होता. तेव्हा त्या डोंगराबद्दल हरेश्वरला शंका यायचं काही कारणच नव्हतं.

निघाले. पुढे हरेश्वर, मागे मधुकर, मग टायपिस्ट शुभा, मग गप्पिष्ट नंदकिशोर, आणि आणखी चारपाच जण. त्यांची नावं सांगून तुम्हाला दमवत नाही. हरेश्वर असा सुटला होता की मधुकरला दोनदा शिट्टी वाजवावी लागली. पाय चालत होते तोवर बाप बोलत नव्हता. घाम यायला लागला, दम लागायला लागला, आणि त्याला बरं वाटायला लागलं. पहिला माथा डाव्या हाताला दिसला तसा तो मागे वळून हसला.

"ही धाकटी. आता लगेच उजवीकडे थोरली लागेल. मधे खाच."

थोरली लागली नाही. धाकटीला वळसा घालून गेले तर पुढे उतार. उतरले. खाली कारवीचं रान माणसाच्या डोक्यावर गेलेलं, त्यात घाणेरीची काटेरी जाळी. हरेश्वर काठीनं वाट पाडत पुढे घुसला. खाच इथेच असणार. कुठे जाईल? जन्मभर इथेच तर होती! पण जितकं पुढे जावं तितकी जमीन खालीच जात होती, आणि शेवटी ते एका ओढ्याच्या काठावर येऊन थांबले. समोर काळा कातळ, सरळ उभा. त्या कातळाच्या पाठीमागे, लांब, फार लांब, थोरली बहीण ऊन खात बसलेली दिसली. दोघींच्या मधे खाच नव्हतीच. मधे एक अख्खी दरी होती.

मधुकरनं टोपी काढून कपाळ पुसलं. "हरेश्वर, एक खरं सांग. तू या वाटेनं आधी कधी आला होतास?"

"असा... इथे असा आलो नव्हतो."

"मग लहानपणापासून ठाऊक आहे म्हणालास ते?"

"होडीतून," हरेश्वर म्हणाला. "समुद्रातून दिसतो ना. तिकडून दोघी अगदी चिकटून आहेत हो. खांद्याला खांदा लावून."

मग नंदकिशोर ओढ्यातल्या दगडावर मटकन बसला आणि पोट धरून हसायला लागला. "अरे यार! म्हणजे आपण वाटाड्याऐवजी नाखवा घेऊन आलो! आता याला म्हणावं शीड लाव!"

"हसू नकोस, नंद्या," मधुकर भडकला. "वाट लागली आहे आपली इथे. पाणी संपत आलंय. पोरीबाळी आहेत बरोबर. डोळे मिटून नेतो म्हणे! मिटूनच आणलंस की!"

हरेश्वर मान खाली घालून उभा होता. कानशिलं तापली होती. शुभाच्या दंडावर घाणेरीनं लांब ओरखडा काढला होता, तो ती रुमालानं टिपत होती. ती हसली नाही की रागावली नाही. तिनं नुसतं विचारलं, "समुद्रातून खरंच तशा दिसतात?"

"शपथेवर सांगतो."

"मग तुमचं काही चुकलं नाही. फक्त तुम्ही कधी जवळ आला नव्हता."

तिनं समजूत घालायला म्हणून म्हटलं. हरेश्वरला ते कातळापेक्षा कठीण लागलं. आपण नक्की कशाच्या जवळ गेलोय आजवर, असं त्याच्या मनात आलं. होडीवर अर्धा, लेथवर अर्धा. बापाच्या समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघायचं धाडस नाही झालं, पळून डोंगरात आला, तर डोंगरही आपला नाही! त्याला स्वतःची इतकी चीड आली की काठी ओढ्यात भिरकावून द्यावीशी वाटली.

ओढ्याकाठानं वर वर गेल्यावर लाकडाच्या मोळ्या नेणाऱ्या बायकांची पायवाट लागली. या खेपेला पुढे मधुकर आणि हरेश्वर आपल्या नेहमीच्या जागी, शेवटी. पायवाटेनं गुमान चढत दुपार कलताना सगळे एकदाचे थोरलीच्या माथ्यावर पोचले. वारा असा होता की मधुकरची टोपी दोनदा उडाली आणि तिच्यामागे धावताना त्याचा रागही उडाला.

पश्चिमेला सगळं उघडं पडलं होतं. पावसानं धुतलेली हवा. खाली बोरिवलीची कौलं, पलीकडे खाडी, खाडीपलीकडे गोराईची हिरवी पट्टी आणि मग दर्या. एकदम एवढा मोठा! पाण्यावर पांढरे ठिपके होते. शिडंच ती.

"होड्या ना त्या?" शुभानं विचारलं. "यात तुमच्या वडिलांची कुठली?"

हरेश्वरनं डोळे बारीक केले. लहानपणी शंभर शिडांत तो बापाचं शीड ओळखायचा, आणि पैजा जिंकायचा. आता सगळे ठिपके सारखे. पण सकाळच्या फजितीनंतर पुन्हा "माहीत नाही" म्हणायचं? तेही बापाच्या होडीबद्दल?

"ती," त्यानं बोट दाखवलं. "दोन होड्यांच्या पुढे एकटीच आहे ना, ती आमची. माझा बाप नेहमी पुढेच असतो."

"काय छान," शुभा म्हणाली, आणि तिनं सगळ्यांना ती होडी दाखवली. सगळ्यांनी कपाळावर हात धरून पाहिली. नंदकिशोरनं तर टोपी हलवून "ओ नाखवा!" अशी हाकही घातली. मग डबे उघडले गेले.

हरेश्वर पोळीचा घास घेऊन त्या ठिपक्याकडेच बघत होता. बाप सुकाणूवर असेल. डोळे चोळत असेल. लहूला विचारत असेल, खूण दिसते का रे. आणि आपण त्याच्या खुणेच्या डोक्यावर बसून बटाट्याची भाजी खातोय. घास तोंडात फिरायला लागला. आणि फिरता फिरता तसाच थांबला.

आज नवमी होती.

खंडेनवमी! आज त्यांच्या गावची एकही होडी पाण्यात नसते. सगळ्या काठाला ओढलेल्या असतात, बायका त्या घासूनपुसून धुतात, पोरं पुढच्या टोकाला, नाळेला, झेंडू बांधतात. जन्मापासून दर नवमीला त्यानं हेच पाहिलं होतं. ते ठिपके शेजारच्या उत्तनच्या ख्रिस्ती कोळ्यांचे असतील, नाहीतर आणखी कुणाचे. बापाला थाप मारताना यंत्राची नवमी बरोबर लक्षात होती, आणि होडीची नवमी हा विसरला! दर्याचा पोर, आणि कुठल्याशा परक्या शिडाकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगतो, तो माझा बाप!

कोणालाच काही कळलं नव्हतं. शुभा अजून त्या होडीकडे कौतुकानं बघत होती. हरेश्वरनं तोंडातला घास कसाबसा गिळला आणि सगळ्यांकडे पाठ करून बसला. त्याला रडू आलं होतं. आठवडाभर मनात जे हो-नाही चाललं होतं ते आता एकदम थांबलं. नोकरी गेली खड्ड्यात. लेथ काय, दुसरा कोणीही चालवील. आणखी दोन वर्षं अशीच गेली तर आपल्याला बाप समोर उभा असलेलाही ओळखू यायचा नाही. उद्या दसरा. उद्या होडीच्या पुढे उभं राहायचं.

बंगल्यावर परतताच त्यानं पिशवी भरायला घेतली. मधुकरनं ती हातातून काढून घेतली.

"वेडा आहेस का? अंधार पडतोय. सकाळी तू दिवसाढवळ्या वाट चुकलास, आता काय बिबट्याला विचारत जाणार आहेस?"

"मला घरी जायचंय, मधुकर. बापाला हो म्हणायचंय." मग त्यानं सगळं सांगून टाकलं, थापेसकट. नंदकिशोरसुद्धा हसला नाही.

"उजाडलं की जा," मधुकर हळूच म्हणाला. "दसरा कुठे पळून जात नाही."

खाटेवर पडून हरेश्वर मनात वाक्य जुळवत होता. आधी थाप कबूल करायची. मग म्हणायचं, बाबा, मी उभा राहतो. म्हातारा आधी शिव्या घालील. भरपूर घालील. मग आईला म्हणेल, त्याला खायला दे. रातकिडे थांबले, सगळीकडे चिडीचूप झालं, आणि या वेळी मात्र बाप काही बोलला नाही. हरेश्वर गाढ झोपला.

सकाळी तो द्रौपदाबाईच्या चहालाही थांबला नाही. डोंगर धावत उतरला, बोरिवलीतून खाडीपर्यंत घामाघूम होत पोचला. खाडी ओलांडणाऱ्या तरीवर बसायला जागा असून उभाच राहिला. गोराईच्या वाळूवर पाय टेकले तेव्हा भरती चढत होती. अजून वेळ होता. लांबून ताशा ऐकू येत होता.

त्यांच्या होडीभोवती गर्दी होती. झेंडूच्या माळा, गुलाल, भिजलेली वाळू. चंदर कडेला उभा होता, नवा सदरा, खांद्यावर रुमाल. डोळ्यांवर हात धरून तो येणाऱ्या माणसाकडे बघत होता. चेहरा दिसला नसेल, पण चाल ओळखली. आणि तो एकदम मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "आरं, बगा! माज्या पोराला सायबानं सोरला! पूजेपुरता सोरला!"

हरेश्वर जागच्या जागी थबकला. तोंडाशी आलेलं कबुलीचं वाक्य तसंच अडकलं. आणि मग त्याला होडीचं पुढचं टोक दिसलं. तिथे लहू उभा होता. ओले केस, कपाळभर कुंकू, अंगावर नवं उपरणं. नारळ फुटलेला होता. लहूची बायको ओवाळणीचं ताट घेऊन रडत होती आणि हसत होती.

पुतळाबाईनं लेकाचा दंड धरून त्याला सुकत घातलेल्या जाळ्यांच्या आड ओढलं.

"आता आलास? काल बापूस तुज्या कारखान्यान गेल्ता."

"कुठे?"

"विक्रोलीला. जलमात बोरिवलीच्या बाजाराच्या म्होरं गेला नाय, तो माणूस इचारत इचारत, गाड्या बदलत गेला. नारल घेतलान, झेंडूची माल घेतलान. म्हने, पोराची मशीन बिनपूजेची हाय, पोराच्या हाताला काय झाला तर? मी सायबाच्या पाया परतंय, पन नारल फोरूनच येतंय."

हरेश्वरला तिच्याकडे बघवेना. तो जाळ्याच्या गाठीकडे बघत राहिला.

"फाटकाला कुलूप," पुतळाबाई म्हणाली. "रखवालदार म्हनला, पूजा कालच झाली बाबा, दोन दिस सुट्टी हाय. तुजा नाव सांगितलान, तर म्हनला, तो तं पाठीवर पिशवी घेऊन गेला डोंगरावर, मजेत गेली सगली. घरा आला तो पानी पन नाय प्याला. तसाच उठला नि लहूच्या दारान गेला. चार लोकांच्या म्होरं सांगितलान, होरी तुजी. मी म्हनलं, उद्यापोत तरी थांबा. तर म्हनतो, पोराला नाय म्हनाया येवरा तरास झाला, खोटा बोलाया लागला माजा पोर. आता आनी किती तरास देऊ त्याला?"

ताशा वाजतच होता. लहू खाली उतरून म्हाताऱ्या चंदरच्या पाया पडत होता आणि चंदर त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. चार लोकांसमोर दिलेला शब्द. लहूच्या घरी काल रात्री गोड झालं असेल. त्याची पोरं गावभर सांगत फिरली असतील. आता पुढे होऊन काय म्हणायचं? की बाबा, मी हो म्हणायला आलो होतो? हे ऐकून म्हाताऱ्याचं काय होईल, हे हरेश्वरला त्या गर्दीतही स्वच्छ दिसलं.

चंदर चाचपडत त्याच्याजवळ आला. तोंडावर हसू होतं. रात्रभर जुळवून ठेवल्यासारखं त्यानं विचारलं, "लहू बरा पोर हाय. बरा झाला ना रं?"

हरेश्वरनं बापाच्या तोंडाकडे नीट पाहिलं. डोळ्यांतला तो पांढुरका पडदा त्यानं इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता.

"बरा झाला, बाबा."

"मंग झाला तं," चंदर म्हणाला, आणि त्यानं सुटकेचा मोठा श्वास सोडला.

पाणी होडीच्या बुडाला लागलं. लहूनं आरोळी दिली, गडी दोन्ही बाजूंनी खांदे लावायला धावले. हरेश्वरही धावला. लहानपणापासून जिथे लावायचा त्याच फळीला त्यानं खांदा लावला, पाय वाळूत रोवले. तेवढ्यात मागून बापाचा हात त्याच्या पाठीवर आला, अगदी हलका.

"तू नको रं. पँट भिजंल तुजी. उंद्या कामावर जायाचा हाय ना तुना."

आणि हरेश्वर बाजूला झाला.